कापसाच्या खोलीतला आवाज

दीपनगरच्या आमच्या वसाहतीत थंडी आल्याचं मला आधी धुरावरून कळतं. एरवी वीजकेंद्राच्या चिमण्यांचा धूर सरळ वर जातो आणि विरून जातो. हिवाळ्याच्या सकाळी मात्र तो जड होतो, थोडा वाकतो, वाचनालयाच्या छपरावर घुटमळतो आणि मग सावकाश भुसावळच्या बाजूला सरकतो. मी कुलूप काढते, वर्तमानपत्रं दांडीला अडकवते आणि खिडकीपाशी जरा वेळ उभी राहते. मग एक दिवस बाजारात भरताची वांगी दिसतात. फिकट हिरवी, अंगावर पांढरे ओरखडे उमटल्यासारखी, हातात न मावणारी. ती दिसली की माझी गावाकडची वाट मनातल्या मनात सुरू होते. वांगी आली म्हणजे आमच्या घरी कापूस आला असणार. आणि कापूस आला म्हणजे ट्रंकेतून ती कॅसेट निघणार.

ती व्हिडिओ कॅसेट माझ्या धाकट्या भावाची, मधूची. त्याच्या शेवटच्या तालमी तिच्यात आहेत. शेवटच्या असं आता म्हणायचं. तेव्हा त्या कुणालाच शेवटच्या वाटल्या नव्हत्या. धुळ्याला मोठा कार्यक्रम ठरला होता, त्याची ती तयारी होती. कार्यक्रम झालाच नाही. राहिली ती तयारी.

भुसावळहून सुरतकडे जाणाऱ्या पॅसेंजरमध्ये मी वांग्यांची पिशवी मांडीवर घेऊन बसते. खाली ठेवली तर कुणाच्या तरी पायाचा धक्का लागतो आणि डाग पडलेलं वांगं नीट भाजलं जात नाही. शेजारची बाई पिशवीत डोकावते. "बामणोदनी का?" असं विचारते. बामणोदची वांगी आमच्या भागात नावाजलेली; मी हो म्हणते. एवढ्यावर आमची ओळख होते. बरोबर पुस्तक घेतलेलं असतं, पण जळगाव सोडलं की ते उघडं राहतं आणि नजर बाहेर जाते. काळ्या जमिनीवर पांढरं फुटलेलं असतं. बायका ओळीनं वाकलेल्या, कमरेला ओटी बांधलेली. दुरून बघितलं तर त्या काहीतरी हरवलेलं शोधत आहेत असं वाटतं.

आमचं गाव धरणगावपासून जवळ. घर साधंच, पण त्याला एक लांबट खोली अशी आहे की वर्षातले काही महिने ती आमची नसते. वेचणी सुरू झाली की तिथली खाट, सायकल, जुनी पेटारी सगळं ओट्यावर येतं आणि गाठोड्यांमागून गाठोडी आत रिकामी होतात. आधी जमीन दिसेनाशी होते, मग भिंतीतले कोनाडे, मग खिडकीचा खालचा अर्धा भाग. कापूस दाबायला आम्हा मुलांना आत सोडत. आम्ही वरून उड्या मारायचो आणि कमरेपर्यंत बुडायचो. अंगाला खाज सुटायची, केसांत सरकी अडकायची. त्या खोलीला एक वास असे, ऊन, धूळ आणि सरकीतलं किंचितसं तेल यांचा. तो वास मला अजूनही थंडीचाच वाटतो. पेटीतून काढलेल्या स्वेटरचा, शेकोटीचा, कुठल्याच गोष्टीचा वास मला थंडीचा वाटत नाही; कापसाचाच वाटतो.

आणि त्या खोलीत आवाज वेगळा होतो. एरवी आपण बोललो की शब्द भिंतीला लागून थोडासा परत येतो. आपल्याला त्याची इतकी सवय असते की कळतही नाही. कापसाच्या खोलीत तो परत येत नाही. तोंडातून निघाला तेवढाच, जसा निघाला तसाच. मधूनं हे फार लहानपणी शोधून काढलं होतं. शाळेतून आला की दप्तर फेकून तो ढिगावर चढायचा आणि गायचा. एकदा मला हाताला धरून आत घेऊन गेला.

"अक्का, आठे गाई देख," म्हणाला, म्हणजे इथं गाऊन बघ. "आठे खोटं गाताच येत नई."

मी काही गायले नाही. मला तेव्हाही वाचायचंच असे. मी ढिगाच्या कडेला, खिडकीच्या उरलेल्या अर्ध्या उजेडात पुस्तक घेऊन बसले आणि तो गात राहिला. आमचं पुढचं सगळं आयुष्य तसंच गेलं असं म्हटलं तरी चालेल.

मोठा झाल्यावर मधू ऑर्केस्ट्रात गेला आणि मधुकुमार झाला. ज्यांनी ते दिवस पाहिले नाहीत त्यांना सांगूनही कळणार नाही की ऑर्केस्ट्रातला गायक ही आमच्याकडे काय चीज होती. एरंडोल, पारोळा, अमळनेर, पार साक्रीच्या बाजारापर्यंत त्याची पोस्टरं लागायची. 'खान्देशचा लाडका मधुकुमार'. पांढरे बूट, कानावरून मागे वळवलेले केस, एक हात कायम हवेत. पानाच्या टपऱ्यांवर आरशाच्या कोपऱ्यात त्याचा फोटो खोचलेला असे. मी बसस्टँडवर उतरले तर लोक मला ओळखायचे नाहीत, पण कुणीतरी "मधुकुमारनी बहीन शे" म्हटलं की बसायला जागा मिळायची. गणपतीत, नवरात्रात, हळदीच्या कार्यक्रमांत तो सिनेमातली गाणी गायचा आणि लोकांची फर्माईश एकच असायची: अगदी तस्संच पाहिजे. तो अगदी तस्संच गायचा. हा गायक, तो गायक, जोडगाणं असलं तर बाईचाही आवाज. टाळ्या कोसळायच्या. त्याचा स्वतःचा आवाज कसा आहे हे मात्र त्याला कुणी विचारलं नव्हतं. तो आवाज कापसाच्या खोलीत होता आणि आमच्या घरच्यांना ठाऊक होता, बस.

त्या वर्षी त्यानं ठरवलं की आता स्वतःची गाणी म्हणायची. आपल्या बोलीतली. त्यानं ती लिहिली होती वावरात, मोटारसायकलवर, पारोळ्याच्या रस्त्यावर पंक्चर काढत असताना. धुळ्याला मोकळ्या मैदानावर कार्यक्रम ठरला. तो झाला की ध्वनिमुद्रण करायचं, स्वतःची कॅसेट काढायची. तालमी आमच्या घरीच ठेवल्या. नानांनी, म्हणजे आमच्या वडिलांच्या चुलतभावांनी, त्याला विचारलं, "अरे, धरणगावले हॉल शे, तठे इको मशीन शे. आठे कापसामा कसाले?"

"इकोमा कोनी बी गाई जास, नाना," मधू म्हणाला. "पहिले आठे जमू द्या."

नाना पेटीवर, उस्मानभाई ढोलकवर. उस्मानभाई धरणगावचे. हात असा की ऐकणाऱ्याची मान आपोआप हलावी, पण बिडीशिवाय त्यांना करमत नसे. मायचा एकच नियम होता, कापसाजवळ बिडी नाही. त्यामुळे प्रत्येक गाणं संपलं की उस्मानभाई चपला शोधत बाहेर जायचे आणि पुढचं सुरू व्हायच्या आत धापा टाकत यायचे. माय दारात उभी राहून त्यांच्या खिशाकडे बघायची. "उस्मान, काडेपेटी?" उस्मानभाई निमूटपणे काडेपेटी तिच्या हातावर ठेवायचे. जाताना परत घ्यायचे.

गोकुळ हा मधूचा शाळासोबती. तो लग्नांच्या व्हिडिओ कॅसेटी काढायचा. त्यानं नवा कॅमेरा घेतला होता, आणि तालमीचं चित्रण करायची कल्पना त्याची की मधूची यावर आजही वाद होतो. कारण मात्र दोघांचं एकच होतं. वादकांच्या घरच्या बायकापोरांना कार्यक्रम कधी बघायलाच मिळत नसत. कार्यक्रम रात्रीचे, गावोगावचे. घरच्यांच्या वाट्याला यायचे ते मळलेले कपडे आणि बसलेला घसा. तर घरच्यांसाठी एक कॅसेट करायची, सगळ्यांनी आपापल्या ओट्यावर बसून बघायची. म्हणून मग एका रविवारी सगळ्यांच्या घरच्यांना बोलावलं. उस्मानभाईंची बेगम आणि मुली, नानांच्या सुना, नातवंडं. मी दीपनगरहून वांगी घेऊन आले. मधूची बायको सुमन नुकतीच बाळंतपणाहून परतली होती. ओट्यावरच्या झोळीत मनीषा होती.

गोकुळनं मोठा दिवा काढला, त्याबरोबर माय आडवी आली.

"माय, लाइट लावाशिवाय चेहरा कसा येई?"

"तुना दिवा बाहेर. मना कापूस मझार."

"माय, दोनच मिनिटं..."

"आग लागाले कितला येळ लागस?"

मधू हसला. "राहू दे रे गोकुळ. अंधारात मी जास्त देखणा दिसतो."

म्हणून ते सगळं चित्रण दारातून येणाऱ्या उन्हात आहे. मधू अर्धा उजेडात, अर्धा काळोखात. मागे पांढरा ढीग, चित्रपटात बर्फाचे डोंगर दाखवतात तसा. गोकुळच्या हाताला सवय लग्नाची. लग्नात एखाद्या आत्याचा, मावशीचा चेहरा राहिला तर वर्षभर ऐकून घ्यावं लागतं, म्हणून त्याचा कॅमेरा फिरतच राहतो. इथंही तेच. मधू तोंड उघडतो, पहिली ओळ सुरू होते आणि कॅमेरा त्याला सोडून बायकांच्या रांगेकडे जातो. एकेक जण डोक्यावरचा पदर सारखा करते. नानांची थोरली सून लाजून तोंड फिरवते. गावातले एक आबा फोटो काढत आहेत समजून श्वास रोखून ताठ उभे राहतात, आणि कॅमेरा पुढे गेला तरी तसेच. मग अंगणात पऱ्हाटीच्या, कापसाच्या वाळल्या झाडांच्या, काड्यांवर भाजलेली वांगी, त्यांचा धूर, सालं काढताना बोटं भाजून "स्स" करणाऱ्या मुली, हिरवी मिरची, लसूण, कांद्याची पात, ठेचणारे हात, ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरी, केळीची पानं. पंगत तर त्यानं इतकी मन लावून घेतली आहे की कुणाच्या पानात काय आहे ते ओळखता यावं. आणि त्या पंगतीच्या मागे, दाराच्या चौकटीत, वाढायची पळी हातात घेऊन उभी असलेली माय.

मायला मी कधी पंगतीत बसलेलं पाहिलं नाही. "एक डाव बसनी ते उठाडाले मानूस लागस," असं म्हणायची आणि सगळ्यांचं झाल्यावर स्वयंपाकघरात पाट न घेता दोन घास खायची. ते इतकं नेहमीचं होतं की आमच्यातल्या कुणालाच दिसत नसे.

कॅसेटमध्ये मधूचे डोळे पिवळे दिसतात. तेव्हा वाटलं, उन्हाचा रंग. नंतर टीव्हीवर बघताना कुणीतरी म्हणालं, रंगाचं बटण नीट लावा. बटण ठीक होतं. त्या रविवारनंतर थोड्याच दिवसांत तो अंथरुणाला खिळला. कावीळ अंगात फार भिनली होती. आधी गावठी औषध, मग जळगावचं हॉस्पिटल. मी उशाशी बसून वाचायचे, तो डोळे मिटून बोटांनी पलंगाच्या कडेवर ठेका धरायचा. एके दुपारी बोटं थांबली. याहून जास्त मला लिहिता येत नाही आणि लिहायचंही नाही. मी इथं लिहिते आहे ती त्या थंडीबद्दल. त्या थंडीतला बराच काळ तो गात होता.

वर्षश्राद्धाच्या सुमारास गोकुळ कॅसेट घेऊन आला. बरोबर भाड्याचा रंगीत टीव्ही, व्हीसीआर. डोळे सुजलेले. त्यानं आपल्या दुकानात बसून ती नीट जुळवली होती. सुरुवातीला फुलांची चौकट, तिच्यात मधूचा फोटो. ठिकठिकाणी बदामाच्या आकारात चेहरे उगवत होते, कारण त्याच्याकडे दुसरा आकार नव्हता. कापसाची खोली त्या वर्षीही भरलेली होती. आम्ही सगळे तिथंच बसलो. खिडकीला गोणपाट लावलं. पडद्यावर मधू आला. नाना पेटीवर वाकले. मधूनं हात वर केला, तोंड उघडलं.

आणि सिनेमातलं गाणं लागलं.

चांगलं गाणं होतं. मधू ते नेहमी म्हणायचा. गोकुळनं अशी सगळी गाणी निवडून, मधूची सगळ्यात गाजलेली, एकापाठोपाठ एक भरली होती. लग्नाच्या कॅसेटला मूळ आवाज कोण ठेवतं? त्यात भांडणं असतात, पोरांची रडारड असते, भटजींचा खोकला असतो. तो पुसायचा आणि वर गाणी घालायची, ही त्या धंद्याची रीत. त्याच्या हाताला तेच ठाऊक होतं. रडत रडत त्यानं आपल्या मित्रासाठी सगळ्यात चांगली गाणी घातली होती. मूळ कॅसेटवर तोपर्यंत चोपड्याकडचं कुणाचं तरी लग्न उतरलं होतं.

मायला काही वेळ कळलंच नाही. ती दारात उभी होती. पडद्याकडे बघत होती. मग म्हणाली, "हाऊ कोन गाई ऱ्हायना? मना मधू कोठे शे?"

गोकुळनं ते ऐकलं आणि तेव्हा त्याच्या लक्षात आलं. मी त्याचा चेहरा बघितला. पुन्हा कधी कुणाचा तसा बघायची इच्छा नाही. ज्यानं जन्मभर दुसऱ्यांच्या आवाजात गाऊन टाळ्या घेतल्या, त्याच्या एकुलत्या एक कॅसेटवर ते दुसरेच येऊन बसले होते. उस्मानभाई उठले, टीव्हीपाशी गेले आणि आवाजाचं बटण शेवटपर्यंत खाली फिरवलं. मधू मुकाट गात राहिला. खोलीत कापसाची ती शांतता होती, त्यात त्याचे ओठ हलत होते. उस्मानभाई बाहेर जातील असं मला वाटलं, बिडीसाठी. ते गेले नाहीत. कोपऱ्यातलं ढोलक ओढलं आणि पडद्यावरच्या आपल्याच हाताकडे बघत, त्याच्याबरोबर ठेका धरला. मग नानांनी पेटी मागवली. नानांचा आवाज फाटका. त्यांनी मधूच्या ओठांवर नजर ठेवून म्हटलं:

"बोंड फुटनं, वावर हासनं..."

तेव्हापासून ती आमच्या घरची रीतच झाली. दर हिवाळ्यात कापूस आला की एका रविवारी सगळे जमतात. गोकुळ मोटारसायकलवर व्हीसीआर बांधून आणतो. खिडकीला गोणपाट लागतं. वांगी भाजली जातात, मग दुपारी कॅसेट लागते. पहिल्यापासून आवाज बंद. आणि पडद्यासमोर बसून आम्ही मधूची गाणी म्हणतो, त्याचे ओठ बघत. पहिल्या वर्षी शब्द पक्के आठवत होते. मग हळूहळू वाद सुरू झाले.

"दुसरी ओळ वर जास," नाना म्हणतात.

"कोठे वर? मी वाजाडेल शे ना, माले मालूम. सरळ शे," उस्मानभाई म्हणतात.

"त्याना हात देख! हात वर ग्या का नई?"

"हात ते त्याना कायम वरच ऱ्हाये!"

सगळे हसतात. मधूही नेमका तिथंच हसतो. खरं तर तो तेव्हा नानांच्या चुकलेल्या सुराला हसला होता, पण दरवर्षी आमच्याच भांडणाला हसल्यासारखा दिसतो. माझी खात्री आहे की आता आम्ही म्हणतो ती चाल त्याची राहिलेली नाही. दरवर्षी थोडी सरकते. पुस्तकाच्या कडा हाताळून हाताळून मऊ होतात तशी ती आमच्या तोंडून मऊ झाली आहे. मला त्याचं वाईट वाटतं, आणि पेटी सुरू झाली की वाटत नाही.

गोकुळचं म्हणाल तर त्या दिवसापासून तो प्रत्येक लग्नाच्या कॅसेटमध्ये थोडा तरी मूळ आवाज ठेवतो. लोक तक्रार करतात. मुलीची पाठवणी सुरू असताना मागे कुणीतरी "बसनी चावी कोनाकडे शे?" असं ओरडत असतं. "ऱ्हाऊ द्या," तो म्हणतो. "दहा वरीसनी समजी."

ही सगळी मजा मनीषाच्या वाट्याला मात्र वेगळी आली. ती त्या कॅसेटमध्ये आहे, झोळीत. तिचा एक पाय दिसतो. बाकी सगळ्यांना आठवणीत मधूचा आवाज होता, आम्ही तो पडद्यावरच्या ओठांना मनातून लावत होतो. तिच्याकडे लावायला काहीच नव्हतं. ती लहान होती तोवर पप्पा मुके होते असंच समजून चालली होती. मग शाळेत कुणीतरी सांगितलं की तुझे वडील मोठे गायक होते. त्या दिवसापासून ती प्रत्येकाला विचारत सुटली.

नाना म्हणाले, "काळी चारच्या पट्टीतून गायचा, पण दमसास असा की..." उस्मानभाई म्हणाले, "गरम आवाज होता, बेटा." माय म्हणाली, "हाक मारे ते गल्लीना टोकले ऐकू ये." तिची आई सुमन अंगणवाडीत शिकवते, ती भाकरी थापता थापता म्हणाली, "मला त्यांचा खोकला आठवतो. आवाज आठवायला गेलं की आधी खोकलाच येतो." माझ्याकडे ती आशेनं आली. आत्या पुस्तकात राहते, तिला शब्द ठाऊक असणार. मी खूप शोधलं. गोड, भारदस्त, खडा, कातर... एकेक शब्द उचलून बघितला आणि ठेवून दिला. शेवटी तिला कापसाच्या खोलीत नेलं आणि म्हटलं, "बोल काहीतरी." ती म्हणाली, "काय बोलू?" मी म्हटलं, "असा. परत न येणारा."

तिनं कापसाचा एक पुंजका उचलला. मग म्हणाली, "आत्या, गाण्याचं नाही विचारत मी. नुसतं बोलायचे कसे? जेव म्हणताना, ये म्हणताना?"

गाणं आम्ही सगळ्यांनी जपलं होतं. त्याचं बोलणं जपायचं असतं हे कुणाला सुचलं नव्हतं.

यंदा कापूस उशिरा आला. मी पोहोचले तेव्हा खोली खिडकीपर्यंतही भरली नव्हती. रविवारी सकाळी गोकुळ आला, टीव्ही-व्हीसीआर जोडून चालतं का ते बघितलं, आणि पंगतीला केळीची पानं आणायला गेला. आम्ही अंगणात वांग्यांभोवती होतो. उस्मानभाईंचे केस आता पांढरे झाले आहेत. ते काड्या सारत होते, विस्तवाच्या निमित्तानं बिडी ओढून घेत होते. नाना उन्हात पेटीची धूळ पुसत होते. आतून सिनेमाचं गाणं ऐकू आलं. मनीषा एकटीच कॅसेट लावून बसली होती, आणि आवाज सुरू ठेवून. मायच्या कपाळाला आठी पडली, पण तिनं ते चालू दिलं. लेकरू आहे.

एक गाणं संपलं, दुसरं झालं. मग आतून मनीषा धावत आली. दारात अडखळली. हातापायांना कापूस चिकटलेला.

"आत्या, पप्पा बोलले!"

वांगी तशीच विस्तवावर टाकून आम्ही आत गेलो. तिनं कॅसेट मागे घेतली, फार मागे गेली, पुन्हा पुढे आणली. तेवढ्यात पानं घेऊन गोकुळ आला आणि आमच्यामागे उभा राहिला. पडद्यावर पंगत सुरू होती. गाण्याचा शेवटचा सूर लांबला, विझला. खट्ट असा आवाज झाला. आणि एकदम ते अंगण उघडलं. भांडी वाजत होती. ढोलकाची वादी आवळताना उस्मानभाई चाटीवर बोट मारत होते. कुणाचं तरी तान्हं बाळ रडत होतं. ते बाळ आता माझ्या शेजारी उभं होतं. कॅमेरा पंगतीवरच होता, मधू चित्रात नव्हता. नानांच्या सुनेनं भरताचं भांडं डावीकडे कुणासमोर तरी धरलं. आणि डावीकडून, चित्राच्या बाहेरून, जरा बसलेला, दमलेला, कसलाच इको नसलेला आवाज आला:

"माले नको. माय उभीच शे. तिले वाढा ना पहिले."

पुन्हा खट्ट. पुढचं सिनेमाचं गाणं सुरू झालं.

गोकुळच्या हातातली पानं खाली गेली. "कॅसेटची बाजू पलटवी व्हती मी," तो स्वतःशीच पुटपुटला. "तितलामा मूळ आवाज मझार उना." गाण्यांची कॅसेट उलटवण्याच्या तेवढ्या फटीतून अंगणातला आवाज आत आला होता; आपली कॅसेट केल्यापासून त्यानं ती कधी शेवटपर्यंत आवाजासकट ऐकली नव्हती. आम्हीही नाही. आमच्या गाण्याखाली ते वाक्य दर हिवाळ्यात निघून जात होतं.

मनीषानं पुन्हा मागे घेतलं, पुन्हा लावलं. उस्मानभाईंनी डोळ्यांवर रुमाल धरला. सुमन पिठाचे हात तसेच धरून उंबऱ्याशी उभी होती. ती हळूच म्हणाली, "हां. असेच." मनीषानं तिच्याकडे बघितलं आणि ओठ हलवले, आवाज न काढता: माले नको. माले नको. इतकी वर्षं पडद्यावरच्या मधूचे हलत होते तसेच.

मी मागे वळून बघितलं. माय दाराच्या चौकटीत होती, पळी हातात, पडद्यावरच्या मायसारखीच. फक्त केस पिकलेले, पाठ वाकलेली. पडद्यावर ती उभी आणि इथंही उभी, मधल्या सगळ्या वर्षांत बसलीच नसावी अशी. तिनं ते वाक्य आणखी एकदा ऐकलं. मग पळी नानांच्या सुनेच्या हातात दिली. भिंतीला धरून, गुडघ्यावर हात दाबत, सावकाश खाली आली आणि कापसाच्या ढिगाला टेकून मांडी घालून बसली. पदर सारखा केला. समोरची जमीन हातानं पुसली, पान ठेवायला पुसतात तशी.

"वाढा मंग," म्हणाली.